नवा सिंक्रोट्रॉन कशासाठी हवा?

भारताने उच्च ऊर्जेचा नवा सिंक्रोट्रॉन उभारावा की नाही, हा विषय निघाला की वाद ठरावीक दोन वाटांनी जातो. एक बाजू म्हणते, चीनकडे आहे, ब्राझीलकडे आहे, स्वीडनसारख्या लहान देशाकडे आहे, मग आपल्याकडे का नसावा? दुसरी बाजू म्हणते, शाळांची छपरे गळत असताना इलेक्ट्रॉन गोल फिरवण्यासाठी हजारो कोटी रुपये कशाला? पहिला युक्तिवाद प्रतिष्ठेचा आहे, दुसरा गरिबीचा. या यंत्रातून नेमके काय दिसते, ते दुसऱ्या कशातून दिसत नाही का आणि ते न दिसल्याने आपले काय अडते, हे मात्र दोघांपैकी कोणीच विचारत नाही. माझे मत आधीच सांगतो. भारताने असा सिंक्रोट्रॉन उभारलाच पाहिजे. पण त्याचे समर्थन पदार्थाच्या आत पाहण्याच्या गरजेवर उभे राहिले पाहिजे, कारण समर्थनाचा पाया चुकला तर यंत्रही चुकीचे उभे राहील.

सिंक्रोट्रॉन म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे भाग आहे. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन चुंबकांच्या साहाय्याने वळवले की वळणावर ते प्रारण बाहेर टाकतात. १९४७ साली अमेरिकेत स्केनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत हा प्रकाश पहिल्यांदा डोळ्यांना दिसला, तेव्हा त्वरकावर, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्रावर, काम करणाऱ्यांच्या लेखी तो निव्वळ ऊर्जेचा अपव्यय होता. पुढे याच अपव्ययासाठी इलेक्ट्रॉन फिरवणारी खास वलये बांधली जाऊ लागली, कारण त्यातून मिळणारे क्ष-किरण दवाखान्यातल्या नळीतून निघणाऱ्या किरणांपेक्षा अब्जावधी पटींनी प्रखर असतात. आपल्याकडे इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-१ आणि इंडस-२ अशी दोन वलये आहेत. त्यांतले इंडस-२ हे २.५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे आणि १७२.५ मीटर परिघाचे असून ते आपल्याच शास्त्रज्ञांनी आणि तंत्रज्ञांनी बांधले आहे. त्याचे मोल कमी लेखण्याचा हेतू नाही. मात्र २०१६ साली स्वीडनमधल्या लुंड येथे मॅक्स-४ सुरू झाल्यापासून या क्षेत्रात नवी, चौथी पिढी अवतरली आहे. फ्रान्समधल्या ग्रेनोबल येथील युरोपीय सिंक्रोट्रॉनने २०२० साली याच पद्धतीने आपले वलय बदलले, तेव्हा त्याच्या किरणांची तेजस्विता सुमारे शंभर पटींनी वाढली. इलेक्ट्रॉनांचा झोत जितका बारीक आणि सुसंगत, तितके त्यातून निघणारे किरण चित्रणाला उपयोगी. या कसोटीवर इंडस-२ आणि आजची उत्तम वलये यांच्यात शेकडो पटींचे अंतर पडले आहे.

या अंतराचा अर्थ कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८९५ च्या डिसेंबरात व्हिल्हेल्म राँटगेन यांनी पत्नीच्या हाताचे जे चित्र घेतले, ती सावली होती. १९१२ साली माक्स फॉन लाऊए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्फटिकातून क्ष-किरण पाठवून ठिपक्यांचा आकृतिबंध मिळवला, आणि लगेचच ब्रॅग पितापुत्रांनी त्या ठिपक्यांवरून अणूंची रचना कशी वाचायची ते दाखवून दिले. तेव्हापासून बहुतेक संपूर्ण विसावे शतक क्ष-किरणांच्या या दोन वाटा वेगवेगळ्या चालल्या. सावलीच्या वाटेने ओतकामातली मोठी भेग दिसे, ठिपक्यांच्या, म्हणजे विवर्तनाच्या, वाटेने अणूंची मांडणी समजे. पण या दोहोंच्या मधे, मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) अंशापासून मिलिमीटरपर्यंतच्या मापांचे एक मोठे जग उरले होते. धातूचे कण, त्यांच्या सीमा, बारीक पोकळ्या, तंतू, काँक्रीटमधल्या केसासारख्या भेगा, बॅटरीतले थर हे सारे याच जगातले. पूल किती टिकेल, पाते कधी तुटेल, सेल कधी फुगेल, हे बहुतांशी इथेच ठरते. आणि हे जग पाहायचे तर नमुना कापा, घासा, आम्ल लावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरा, एवढाच मार्ग होता. कापलेला नमुना पुन्हा तापवता येत नाही, ताणता येत नाही, त्याच जागी उद्या काय झाले ते पाहता येत नाही.

ही अडचण टोमोग्राफीने सोडवली. अनेक कोनांतून घेतलेल्या सावल्यांवरून आतली त्रिमितीय रचना गणिताने उभी करता येते, हे योहान राडोन यांनी १९१७ साली शुद्ध गणित म्हणून मांडले होते. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्रावर १९७१ साली लंडनमध्ये पहिला रुग्ण तपासला गेला. त्याच वर्षी जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी सावल्यांवरून प्रतिमा उभी करण्याची एक सुटसुटीत, वेगवान रीत प्रसिद्ध केली. त्या रीतीतला गणिती गाळक (फिल्टर) आज जगभरच्या टोमोग्राफीच्या संगणक-प्रणालींत ‘रॅम-लॅक’ या नावाने वापरला जातो. कोलॅजेनच्या तिपेडी रचनेसाठी रामचंद्रन यांचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत येते, या कामासाठी क्वचितच येते, याची मला खंत वाटते. गणित आपल्या माणसांनी दिले आणि ते ज्यावर चालते ती यंत्रे मात्र आपण विकत आणत राहिलो. ज्यांना सिंक्रोट्रॉन ही परक्यांची हौस वाटते, त्यांनी ही एवढी गोष्ट तरी लक्षात घ्यावी.

आता एक उदाहरण जवळून पाहू. चाकण आणि पिंपरीच्या पट्ट्यात वाहनांसाठी जे ॲल्युमिनियमचे भाग ओतले जातात, त्यांतल्या बहुतेकांत सिलिकॉन मिसळलेले असते. वितळलेला रस थंड होऊ लागला की आधी ॲल्युमिनियमची झाडाच्या फांद्यांसारखी वाढ होते आणि मग उरलेल्या जागेत सिलिकॉन जमते. घासलेल्या नमुन्यावर सूक्ष्मदर्शकाखाली हे सिलिकॉन सुयांसारखे दिसते आणि पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी त्याला सुयाच म्हटले. वस्तुतः त्या सुया नाहीत. ते पातळ पापुद्रे आहेत, एकमेकांना आतून जोडलेले, आणि आपण पाहतो ती त्यांची कापलेली कड असते. भेग कोणत्या वाटेने जाईल हे त्या पापुद्र्यांच्या जाळ्यावर ठरते, म्हणजे सपाट छेदावरून काढलेला निष्कर्ष मुळातच अपुरा असतो. रसात किंचित सोडियम किंवा स्ट्रॉन्शियम टाकले की हे पापुद्रे बारीक तंतूंत बदलतात आणि भाग चिवट होतो, हे फौंड्रीवाल्यांना शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. पण ते का होते यावर अजून वाद चालतो, कारण ते होताना पाहणे अवघड आहे. ॲल्युमिनियमचा अणुक्रमांक १३, सिलिकॉनचा १४. दोघे क्ष-किरण जवळजवळ सारखेच शोषतात आणि काही मायक्रॉन जाडीच्या पापुद्र्यावर उरलासुरला फरकही हरवून जातो. साध्या सावलीत सारे एकाच करड्या रंगाचे दिसते.

यावरचा उपाय असा की किरण किती शोषले गेले याऐवजी ते किती वळले हे टिपायचे. हलक्या मूलद्रव्यांत क्ष-किरणांच्या लहरीची चाल जितकी बदलते, तिच्या मानाने शोषण नगण्य असते. झोत पुरेसा सुसंगत असेल आणि किरण टिपणारा शोधक (डिटेक्टर) नमुन्यापासून थोडा दूर ठेवला, तर प्रत्येक सीमेवर उजळ-काळी कड उमटते. १९९५ च्या सुमारास ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर हे दाखवले गेले आणि फेज कॉन्ट्रास्ट चित्रणाची दारे उघडली. करड्या ठोकळ्यात अचानक पापुद्रे दिसू लागले. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात कोळसा झालेल्या हर्क्युलेनियमच्या गुंडाळ्या न उलगडता वाचण्याचे जे प्रयत्न गेल्या काही वर्षांत यशस्वी झाले, त्यांमागेही ब्रिटनच्या डायमंड सिंक्रोट्रॉनवर घेतलेली चित्रे आहेत, कारण कोळशावर कोळशाच्याच शाईने लिहिलेले वाचायचे तर तितक्या बारकाईचीच प्रतिमा लागते.

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो, आणि तो मी मान्य करतो. यांतले बरेच काही आता प्रयोगशाळेतल्या मायक्रो-सीटी यंत्रावर होते. बारीक नाभी (किरण जिथून निघतात तो ठिपका) असलेली क्ष-किरण नळी, फिरणारा नमुना आणि चांगला शोधक एवढ्या साहित्यावर एका मायक्रॉनच्या आसपास तपशील मिळतो. फेज कॉन्ट्रास्टही काही प्रमाणात साधतो. दगडाची सच्छिद्रता मोजायची, ओतकामातल्या पोकळ्या मोजायच्या, हाडाचे जाळे पाहायचे, तर सिंक्रोट्रॉनकडे धावण्याचे काही कारण नाही. सिंक्रोट्रॉनचे समर्थक हे सांगत नाहीत, ही त्यांची चूकच म्हटली पाहिजे. देशातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि औद्योगिक वसाहतींत अशी यंत्रे जागोजागी, माफक शुल्कात उपलब्ध असतील तर दहापैकी आठ-नऊ प्रश्न तिथेच सुटतील, असे मला वाटते. पण उरलेल्या एक-दोन प्रश्नांचे काय? ते संख्येने थोडे असले तरी सर्वांत महागडे प्रश्न तेच असतात.

त्यांपैकी एक प्रश्न जाडीचा आहे. ३० हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या क्ष-किरणांपुढे एक सेंटिमीटर ॲल्युमिनियम ठेवले तर सुमारे पाच टक्के किरण पार जातात. त्याच किरणांपुढे लोखंड ठेवले तर एका मिलिमीटरमधूनही हजारातले दोनसुद्धा पार होत नाहीत. इंडस-२ च्या चित्रणाच्या बीमलाइनचा, म्हणजे वलयातले किरण नमुन्यापर्यंत नेणाऱ्या प्रयोगमार्गाचा, पल्ला साधारण याच ऊर्जेच्या आसपास संपतो. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत जे ओतले जाते ते प्रामुख्याने लोखंड आहे, आणि त्याच्या पोटात पाहायचे तर एक लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट किंवा त्याहून अधिक ऊर्जा लागते. तेव्हा कुठे सेंटिमीटरभर लोखंडातून पाच टक्के किरण बाहेर पडतात. औद्योगिक सीटी यंत्राच्या मोठ्या नळ्या इतक्या ऊर्जेचे किरण देतात हे खरे, पण त्यांची नाभी मोठी असल्याने बारीक तपशील पुसला जातो. ब्लो होल, म्हणजे ओतकामात अडकलेल्या वायूची पोकळी, दिसेल. त्याच्या भोवती सुरू होणारी दहा मायक्रॉनची भेग दिसणार नाही. उच्च ऊर्जा आणि बारीक झोत हे दोन्ही एकदम हवे असतील, तर सहा अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर्गातले वलय लागते. नव्या यंत्राची ऊर्जा किती असावी, हा म्हणूनच केवळ तज्ज्ञांच्या बैठकीतला तपशील नाही. आपल्या कारखान्यांत लोखंड आणि निकेलच्या मिश्रधातू किती वापरल्या जातात, यावर ते ठरायला हवे.

दुसरा प्रश्न वेळेचा आहे, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रयोगशाळेतल्या यंत्राला एका चांगल्या त्रिमितीय चित्रासाठी तास-दोन तास लागतात. जे घडून गेले ते त्यात दिसते, घडताना दिसत नाही. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली विजेवरची स्कूटर पेटल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. पुढच्या काही आठवड्यांत इतर राज्यांतही अशा घटना घडल्या, माणसे दगावली, तज्ज्ञांची समिती नेमली गेली आणि बॅटरीच्या सुरक्षेचे निकष कडक झाले. हे सारे आवश्यकच होते. पण निकषांच्या चाचण्या बाहेरून होतात: सेल तापवा, दाबा, टोचा आणि पेटतो का ते पाहा. तो का पेटला, कोणता थर आधी ढासळला, वायू कुठे कोंडला, हे राखेवरून कोण सांगणार? २०१५ साली लंडनच्या संशोधकांनी बाजारात मिळणारे लिथियम-आयन सेल ग्रेनोबलच्या झोतात ठेवून मुद्दाम तापवले आणि ते फुटेपर्यंत आतले चित्रण केले. थर कसे सुटत गेले ते दिसले. तांबे वितळून त्याचे गोळे झालेले दिसले, म्हणजे आतले तापमान १०८५ अंश सेल्सियसच्या वर गेले होते. आणि मध्यभागी आधाराची नळी असलेल्या सेलची गुंडाळी आधार नसलेल्या सेलपेक्षा वेगळी वागते हेही दिसले. सेलची रचना सुधारणाऱ्याला हवी असते ती नेमकी हीच माहिती. आपल्या उन्हाळ्यात, आपल्या खड्ड्यांच्या रस्त्यांवर, आपल्या चार्जिंगच्या सवयींत वापरले जाणारे सेल अशा झोतात कोण ठेवणार आहे?

धातूच्या त्रिमितीय छपाईचेही तसेच आहे. २०१९ साली अमेरिकेतल्या आर्गोन येथील सिंक्रोट्रॉनवर संशोधकांनी लेसरखाली वितळणाऱ्या धातूचे आरपार चित्रण केले. लेसर धातूत एक खोल, अरुंद खळगा पाडतो, तो अस्थिर झाला की त्याच्या तळाशी वायूचा बुडबुडा अडकतो आणि तो भागात कायमचा राहतो. हा खळगा कोणत्या शक्तीला आणि वेगाला तयार होतो, याचा ठाम उंबरठा त्या चित्रणातून हाती आला. मे २०२४ मध्ये इस्रोने छापील पद्धतीने बनवलेल्या पीएस-४ (पीएसएलव्ही अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्यातल्या) इंजिनाची ६६५ सेकंदांची चाचणी यशस्वी केली, त्याच महिन्यात चेन्नईच्या एका नवउद्योगाने एकसंध छापलेल्या इंजिनावर अग्निबाण उडवला. या वाटेने आपण पुढे जाणारच आहोत. मग त्या इंजिनांच्या पोटात बुडबुडे कसे जन्मतात, याचे उत्तर दर वेळी परक्या शोधनिबंधातून, परक्या मिश्रधातूसाठी आणि परक्या यंत्रासाठी का शोधायचे?

यावर दुसरा मोठा आक्षेप तयार असतो: त्यासाठी परदेशातल्या यंत्रांवर वेळ मिळतोच की. हाही आक्षेप पोकळ नाही. जपानमधल्या त्सुकुबा येथील फोटॉन फॅक्टरीत भारताच्या पैशाने चालणारी बीमलाइन आहे, इटलीतल्या त्रिएस्तेला आणि जर्मनीतल्या हॅम्बुर्गलाही आपल्या संशोधकांसाठी करार झाले आहेत. त्यांतून उत्तम काम झाले आहे आणि ते पुढेही चालू राहिले पाहिजे, अगदी आपले यंत्र उभे राहिल्यावरही. विज्ञानाला सीमा नसावी हे मला मनापासून मान्य आहे. पण ही वाट प्रत्यक्षात कशी असते ते पाहावे. प्रस्ताव लिहायचा, महिनोन्‌महिने थांबायचे, निवड झालीच तर दोन-चार दिवसांचा झोत मिळतो. त्या दिवसांत नमुना बिघडला, भट्टी बंद पडली किंवा व्हिसा उशिरा आला, तर पुन्हा पुढच्या फेरीची वाट पाहायची. चार्ज केलेला लिथियम सेल विमानाने न्यायचा तर निराळे निर्बंध. मोफत वेळ मिळतो तो निष्कर्ष प्रसिद्ध करण्याच्या अटीवर. आपला दोष जगजाहीर करायला कोणता कारखानदार तयार होईल? आणि अणुइंधनाच्या नळ्या, अग्निबाणाचे घन इंधन, जेट इंजिनाची पाती असे नमुने परक्या प्रयोगशाळेत पाठवण्याचा प्रश्नच येत नाही. २०२० साली महासाथीने सीमा बंद झाल्या तेव्हा परदेशी झोतावर विसंबलेल्या संशोधकाच्या हाती काय उरले? याउलट ब्राझीलच्या कांपिनास येथे नुकत्याच उभ्या राहिलेल्या सिरियस सिंक्रोट्रॉनवरची पहिली बीमलाइन त्याच वर्षी विषाणूच्या प्रथिनांच्या अभ्यासाला जुंपली गेली.

या बाबतीत आपल्याच अंगणातला इतिहास बोलका आहे. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी राहिली, तेव्हाही गरीब देशाला आकाश कशाला पाहायचे असा सवाल करणारे होतेच, आणि परदेशी दुर्बिणींवर वेळ मागण्याचा मार्ग तेव्हाही खुला होता. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परदेशी नमुन्याची नक्कल केली नाही. भरीव तबकडीऐवजी ताणलेल्या तारांची जाळी वापरून त्यांनी खर्च आटोक्यात आणला आणि जिथे जगात उणीव होती त्या लांब तरंगलांबीच्या पट्ट्याची निवड केली. परिणामी आज जगभरचे खगोलशास्त्रज्ञ नारायणगावजवळच्या त्या दुर्बिणीवर वेळ मागायला प्रस्ताव पाठवतात. पण मला त्यातली अधिक मोलाची बाजू वेगळी वाटते: ती बांधताना आणि चालवताना इलेक्ट्रॉनिक्स, अँटेना आणि संकेत-प्रक्रिया जाणणाऱ्या माणसांच्या पिढ्या इथे घडल्या. परदेशी यंत्रावरच्या चार दिवसांच्या वेळेतून शोधनिबंध मिळतो, यंत्र घडवणारी माणसे मिळत नाहीत.

पैशाचा प्रश्न मी टाळत नाही. सिरियसला सुमारे १.८ अब्ज रिआल, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण ५० कोटी डॉलर लागले. आपल्याला लागणारे सहा अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टचे वलय याहून मोठे असेल आणि त्याचा खर्च अर्थातच अधिक असेल. ही रक्कम लहान नाही. पण एप्रिल २०२३ मध्ये हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायच्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्राने सुमारे २,६०० कोटींची मंजुरी दिली, आणि ती योग्यच होती. गुरुत्वीय लहरींसाठी आपण एवढी गुंतवणूक करू शकतो, तर धातू, सिमेंट, औषधे, बॅटऱ्या, खडक आणि हाडे यांच्यासाठी एकाच वेळी वापरता येईल अशा यंत्राला गरिबीचे कारण पुढे करणे मला पटत नाही. एका वलयाभोवती तीस-चाळीस बीमलाइन असतात आणि त्या सगळ्या एकदम चालतात. एकीवर मुंबई हायच्या चुनखडीतल्या छिद्रांतून तेल कसे सरकते याचा अभ्यास होत असेल, तर शेजारी दख्खनच्या बेसॉल्टमध्ये कार्बन डायऑक्साइडचे खनिज होऊन तो कायमचा कोंडता येईल का याचा. ब्राझीलने १९८७ साली पहिल्या सिंक्रोट्रॉनचे काम हाती घेतले तेव्हा तो देश महागाईने होरपळत होता. तरी १९९७ मध्ये ते यंत्र वापरासाठी खुले झाले, आणि त्यावर घडलेल्या माणसांनीच पुढे सिरियस बांधला; त्याचे चुंबक तिथल्याच एका विजेच्या मोटारी बनवणाऱ्या कंपनीने तयार केले.

तंत्रज्ञान लवकर जुने होईल, ही शंकाही अनेकदा काढली जाते. तिचे उत्तर ग्रेनोबलने दिलेच आहे. १९९४ पासून वापरात असलेल्या त्याच ८४४ मीटरच्या बोगद्यात जुने वलय काढून नवे बसवले गेले, वीस महिने यंत्र बंद राहिले आणि सुमारे १५ कोटी युरो खर्च आला. बोगदा, इमारत, वीज आणि माणसे तीच राहिली.

सर्वांत अस्वस्थ करणारा आक्षेप मात्र आणखी वेगळा आहे आणि तो आपल्या समर्थकांनीच स्वतःला विचारायला हवा. आपण यंत्रे आणतो आणि ती चालवणारी माणसे नेमायला विसरतो. महागडे उपकरण कुलूपबंद खोलीत धूळ खात पडलेले आहे, त्याचा सुटा भाग दोन वर्षे आलेला नाही, एकच तंत्रज्ञ आहे आणि तोही कंत्राटी, हे दृश्य आपल्या विद्यापीठांत ज्याने पाहिले नाही असा संशोधक विरळा. सिंक्रोट्रॉनच्या बाबतीत हेच झाले तर विरोधकांचे म्हणणे खरे ठरेल. आणि प्रतिष्ठेचा युक्तिवाद नेमका याच धोक्याकडे नेतो. प्रतिष्ठेसाठी बांधलेल्या यंत्रात वलयाचा परिघ आणि उद्‌घाटनाची तारीख यांना महत्त्व येते. वापरासाठी बांधलेल्या यंत्रात नमुना तापवण्याच्या भट्ट्या, ताण देण्याची यंत्रे, बॅटरी जोडण्याचे साहित्य, रात्री-अपरात्री हजर असणारा बीमलाइनचा शास्त्रज्ञ आणि दिवसाला कित्येक टेराबाइट माहिती हाताळणारे संगणक-तज्ज्ञ यांना. स्वित्झर्लंडच्या सिंक्रोट्रॉनवर काही वर्षांपूर्वी सेकंदाला हजार त्रिमितीय चित्रे घेण्याचा टप्पा गाठला गेला. त्या चित्रांचा ओघ साठवायचा, निवडायचा आणि वाचायचा कसा, हे ठाऊक असलेली माणसे नसतील, तर झोत कितीही प्रखर असून उपयोग नाही.

म्हणून माझ्या लेखी दोन कामे एकाच वेळी सुरू झाली पाहिजेत. कोल्हापूर, पुणे, कोइमतूर, राजकोट, जमशेदपूर अशा जिथे धातूचे काम होते त्या ठिकाणी सार्वजनिक मायक्रो-सीटी केंद्रे आजच उभी राहावीत, म्हणजे लहान कारखान्याचा अभियंता आणि पदव्युत्तर विद्यार्थी त्रिमितीय चित्र वाचायला शिकेल, आणि कोणता प्रश्न इथे सुटतो व कोणता मोठ्या यंत्राकडे न्यावा लागतो हे त्याला कळेल. तसे झाले नाही तर दहा वर्षांनी यंत्र तयार होईल तेव्हा त्याच्या दारात रांग लावणारे फक्त मोजक्या केंद्रीय संस्थांचे लोक असतील. दुसरे काम खुद्द सिंक्रोट्रॉनचे. त्याच्या वेळेतला ठरावीक वाटा उद्योगांसाठी, निष्कर्ष गुप्त ठेवण्याच्या हमीसह आणि लहान कारखान्यांना परवडेल अशा दरात राखून ठेवावा. राज्य विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांचा प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच असावा. बीमलाइन कोणत्या असाव्यात हे यंत्र बांधणाऱ्यांनी एकट्याने न ठरवता वापरणाऱ्यांबरोबर ठरवावे.

प्रकल्पाचा आराखडा जेव्हा चर्चेला येईल, तेव्हा वलयाचा परिघ किती आणि ते जगात कितव्या क्रमांकाचे, हे विचारण्यात वेळ घालवू नये. पहिल्या टप्प्यातल्या बीमलाइनपैकी किती चित्रणासाठी आहेत, त्यांतली एक तरी लाख इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पुढे जाते का, प्रत्येक बीमलाइनवर किती कायम पदे मंजूर आहेत आणि देखभालीची तरतूद पहिल्या पाच वर्षांनंतर कोणत्या खात्यातून होणार, या प्रश्नांची उत्तरे आराखड्यात छापलेली असली पाहिजेत. ती नसतील तर सिंक्रोट्रॉनच्या बाजूने लिहिणाऱ्या माझ्यासारख्यांनीच तो आराखडा परत पाठवण्याची मागणी करायला हवी.